नाकापासून ओठापर्यंतची खोल घडी: भरायची, उचलायची की राहू द्यायची?

प्रश्न थोडक्यात असा: वय 48. गेल्या वर्षभरात 9 किलो वजन उतरवलं. नाकपुडीच्या कडेपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही बाजूंच्या रेघा आता इतक्या खोल झाल्या आहेत की फोटोत आधी त्याच दिसतात. अडीच महिन्यांवर मुलीचं लग्न आहे. एका ठिकाणी बोटॉक्स सुचवलं, दुसऱ्या ठिकाणी थ्रेड, तिसरीकडे ‘हायफू’चं पॅकेज. पैसे कशावर घालावेत?

तिन्ही ठिकाणी उपाय सांगितला, पण घडी पडली कशामुळे हे पाहिलेलं दिसत नाही. आधी ते पाहू, कारण एकाच जागी दिसणाऱ्या या घडीची कारणं चार असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

ही घडी म्हणजे मुळात सुरकुती नव्हे, ती हद्द आहे. गालाच्या बाजूला त्वचेखाली चरबीचा चांगला थर असतो. ओठाच्या बाजूला तो जवळजवळ नसतो, तिथली त्वचा खालच्या स्नायूला घट्ट धरून असते. वयाबरोबर गाल ओघळतो तो या हद्दीपाशी येऊन अडतो, धरणाच्या भिंतीला गाळ टेकावा तसा. ही हद्द प्रत्येकाला असते, हसताना लहान मुलांच्या चेहऱ्यावरही उमटते. चेहऱ्याचा लकवा तपासताना डॉक्टर ही घडी एका बाजूला पुसली गेली आहे का ते बघतात. म्हणजे एका बाजूची घडी पुसली जाणं हे आजाराचं लक्षण असू शकतं. ‘पूर्ण घालवून देतो’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठलेलं बरं. 50 ते 60 टक्के उथळ झाली की चेहरा ताजा दिसतो आणि ‘काहीतरी केलंय’ असं कुणाच्या लक्षात येत नाही.

आता कारणं. पहिलं, गालाच्या आतला आधार जाणं: डोळ्याखाली, हाडालगत असलेली चरबी आटते आणि वरची चरबी खाली बसते. मराठीत ‘गालफडं बसली’ म्हणतात ते हेच. दुसरं, हाड. नाकपुडीच्या पायाशी असलेलं वरच्या जबड्याचं हाड वयाबरोबर झिजून मागे सरकतं आणि तिथे, घडीच्या वरच्या टोकाला, त्रिकोणी खड्डा पडतो. वरचे सुळे किंवा दाढा पडून बरीच वर्षं झाली असतील तर हे जास्तच होतं. अशा माणसाने आधी दंतवैद्याकडे जावं, नीट बसलेली कवळी किंवा इम्प्लांट हाच त्याचा अर्धा इलाज असतो. तिसरं, त्वचा: ऊन, धूम्रपान आणि वर्षानुवर्षं लावलेल्या स्टेरॉइडमिश्रित ‘गोरेपणाच्या’ क्रीममुळे ती पातळ होते आणि घडीच्या तळाशी रेघ कोरली जाते. चौथं, वरचा ओठ आणि नाकपुडी उचलणारा स्नायू जोरकस असणं.

यातलं तुमचं कोणतं, हे घरी आरशात बरंचसं कळतं. हातात आरसा घेऊन उताणं झोपा. घडी निम्म्याहून अधिक नाहीशी झाली तर दोष मुख्यतः गाल ओघळण्याचा. पुन्हा बसून गालाच्या उंचवट्यावर दोन बोटं टेकवा आणि तो भाग वर आणि थोडा कानाकडे सरकवा, जेमतेम 5 मिलिमीटर. तेवढ्याने घडी मोकळी होत असेल तर गालाला आधार देऊन फायदा होईल. मग जिभेचं टोक वरच्या ओठाच्या आतून नाकपुडीच्या मुळाशी दाबा. वरचं टोक भरून आलं तर खड्डा हाडाच्या जागी आहे. शेवटी घडीच्या दोन्ही बाजूंची त्वचा बोटांनी ताणा. ताणूनही केसासारखी बारीक रेघ शिल्लक राहिली तर ती त्वचेत कोरलेली आहे, तिला वेगळं काम लागेल. आणि नुसतं बसल्यावर घडी फारशी नाही, पण हसलं की नाकाजवळ खोल खड्डा पडून वरच्या हिरड्याही दिसतात, असं असेल तर स्नायूचा भाग मोठा.

वर्षात 9 किलो उतरले असतील तर तुमच्या बाबतीत पहिलं कारण सगळ्यात वजनदार असणार, आणि थोडं दुसरं. वजन अजून घटत असेल तर मात्र आज बसवलेला हिशेब चार महिन्यांनी चुकतो. वजन तीनेक महिने एका जागी थांबलेलं असावं. लग्न समोर असल्याने थांबता येत नसेल तर निदान कमी भरून घ्या, उरलेलं नंतर.

बोटॉक्स बाद करायला फार वेळ लागत नाही. ते स्नायू सैल करतं, तर तुमची अडचण स्नायूची नाही. तोंडाभोवतीचे स्नायू खायला, बोलायला, चूळ भरायला लागतात, ते सैल केले की हसू वाकडं होतं किंवा वरचा ओठ लांबट पडतो, आणि हे तीन-चार महिने सहन करावं लागतं. हिरड्या दिसणाऱ्या हसण्यात प्रत्येक बाजूला 2 ते 2.5 युनिट इतकी छोटी मात्रा उपयोगी पडते. त्यापलीकडे या घडीसाठी बोटॉक्सला काम नाही. कपाळावर आणि भुवयांमध्ये ते उत्तम चालतं म्हणून इथेही चालेल असं होत नाही.

हायफू म्हणजे एका बिंदूवर केंद्रित केलेल्या अल्ट्रासाउंडने त्वचेखाली 1.5, 3 किंवा 4.5 मिलिमीटर खोलीवर उष्णतेचे ठिपके उमटवणं. ऊतक आकसतं आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत नवं कोलॅजन तयार होतं. भरलेला, किंचित सैल पडलेला चेहरा असेल तर हनुवटीच्या रेषेवर याचा माफक फरक दिसतो. तुमच्याबाबत दोन अडचणी. परिणाम दिसेपर्यंत लग्न उरकलेलं असेल, ही छोटी. मोठी अशी की उतरलेल्या चेहऱ्यावर खोलवर मारलेले शॉट गालातली उरलीसुरली चरबीही घटवू शकतात. गेलेली चरबी परत येत नाही आणि घडी आणखी खोल दिसते. सुकलेल्या गालावर हायफू ही या विषयातली सगळ्यात जास्त वेळा होणारी आणि सगळ्यात सहज टाळता येणारी चूक आहे. पॅकेज विकणाऱ्याला मशीनचा हप्ता फेडायचा असतो, तुमचा गाल कसा आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

थ्रेड, म्हणजे काटे असलेले विरघळणारे धागे. केसांच्या रेषेतून किंवा कानाच्या पुढून सुईने घालून गालाची चरबी अडकवून वर ओढतात. पीडीओ या विरघळणाऱ्या पदार्थाचा धागा सुमारे सहा महिन्यांत विरघळतो, दिसणारा फरक सहा महिने ते वर्षभर. मधल्या जाडीची त्वचा आणि हलका गाल असला तर ठीक. जड गाल काट्यांतून निसटतो, पातळ त्वचेत धागा उमटून दिसतो. खळी पडणं, एक बाजू जास्त ओढली जाणं, आत शिरलेल्या जागी पू होणं हे नेहमीचे त्रास आहेत, आणि खळी पूर्ण जायला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढे दिवस मोठ्याने हसायचं नाही, मोठा घास घ्यायचा नाही, दातांचं काम करायचं नाही. लग्नघरात हे जमणं कठीण! शिवाय धागा ओढतो, भरत नाही. तुमचा गाल रिकामा आहे.

राहिला फिलर, म्हणजे त्वचेखाली टोचून भर घालणारा जेलसारखा पदार्थ. तुमच्यासाठी पहिली निवड हीच, पण रेघेत नव्हे, आधी गालात.

या घडीचा आणि फिलरचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. अमेरिकेत हायल्युरोनिक ॲसिडच्या (त्वचेत मुळातच असणाऱ्या, पाणी धरणाऱ्या पदार्थाच्या) पहिल्या फिलरला, रेस्टिलेनला, डिसेंबर 2003 मध्ये मान्यता मिळाली ती याच घडीसाठी. नंतर आलेल्या ज्युव्हडर्म, रेडिएस वगैरेंच्या चाचण्याही इथेच झाल्या. त्यामुळे खोक्यावर या घडीचं नाव असतं आणि रेघ दिसली की रेघ भरायची अशी सवय लागली. सगळं त्या खाचेतच ओतलं तर काय होतं? वरच्या ओठाजवळचा भाग फुगतो, तोंड पुढे आल्यासारखं दिसतं, आणि हसल्यावर गाल आणि ओठ यांच्यामध्ये पुरणपोळीच्या कडेसारखा वळ येतो. त्याहून वाईट म्हणजे फिलर घडीच्या बाहेरच्या, गालाकडच्या बाजूला गेला तर आधीच ओघळलेल्या भागात भर पडून घडी आणखी खोल होते. भरायचं असतं ते घडीच्या तळाशी आणि आतल्या, ओठाकडच्या बाजूला.

तुमच्यासारख्या चेहऱ्याला साधारण माप असं: डोळ्याखालच्या गालात हाडालगत प्रत्येक बाजूला 0.5 मिली. नाकपुडीच्या पायाशी, हाडावर, प्रत्येकी 0.25 मिली. आणि मग घडीत प्रत्येकी 0.25 मिली. एकूण 2 मिली, म्हणजे 1 मिलीच्या दोन सिरिंज, फार तर तीन. गाल भरून झाला की पाच मिनिटं थांबून पुन्हा आरसा बघावा. बरेचदा घडीसाठी राखलेलं निम्मंही लागत नाही. एकच सिरिंज परवडत असेल तर ती नाकपुडीच्या पायाशी आणि घडीच्या वरच्या अर्ध्यात वाटावी. सावली तिथेच पडते, त्यामुळे फोटोत फरक तिथलाच दिसतो. 1 मिलीत गाल आणि घडी दोन्ही करण्याचा प्रयत्न केला की दोन्हीकडे थोडं थोडं जातं आणि कुठेच काही दिसत नाही.

माल कोणता, यापेक्षा किती घट्ट हे महत्त्वाचं. हाडालगत घट्ट जेल, कारण त्याने वरचं वजन पेलायचं असतं. घडीत मध्यम, कारण हा भाग दिवसभर हलतो. त्वचेत कोरलेल्या बारीक रेघेत अगदी मऊ. घट्ट जेल वरच्या थरात घातलं तर गाठ हाताला लागते. पारदर्शक जेल फार वर गेलं तर त्वचेखाली निळसर छटा दिसते, सावळ्या रंगावर ती राखाडी वाटते आणि लोक तिला डाग समजून त्यावर क्रीम चोळत बसतात. तो डाग नसतो. हायल्युरोनिडेज या एन्झाइमच्या थोड्याशा मात्रेने तो एक-दोन दिवसांत जातो.

हे ‘विरघळवता येणं’ हाच हायल्युरोनिक फिलरचा खरा गुण. टिकतो 9 ते 12 महिने, कधी दीड वर्ष. पहिल्यांदा करणाऱ्याने हाच घ्यावा. कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपटाइट (हाडातल्यासारख्या खनिजाचा फिलर) वर्षभर किंवा थोडं जास्त टिकतं, आधार छान देतं, पण ते विरघळवणारं औषध नाही. शिवाय ते एक्स-रे आणि सीटी स्कॅनमध्ये पांढरं दिसतं, तेव्हा पुढे कधी जबड्याचा स्कॅन निघाला तर सांगायला विसरू नका. पॉलि-एल-लॅक्टिक ॲसिड हा फिलरपेक्षा कोलॅजन वाढवणारा पदार्थ: चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन बैठका, परिणाम हळूहळू, टिकतो दोन वर्षांच्या आसपास. प्रत्येक बैठकीनंतर पाच दिवस, दिवसातून पाच वेळा, पाच-पाच मिनिटं मालिश करावी लागते, नाहीतर गाठी होण्याची भीती. वजन उतरलेल्या चेहऱ्याला पुढे तो चांगला लागू पडेल, पण अडीच महिन्यांच्या मुदतीत त्याच्यावर अवलंबून राहू नका. कायमस्वरूपी फिलर आणि द्रव सिलिकॉन मात्र कुणी फुकट दिलं तरी नको. चेहरा बदलत राहतो, ते तिथेच राहतं आणि दहा वर्षांनीही गाठ धरू शकतं.

कसं घालतात ते माहीत असलं की समोरचा माणूस नीट करतोय का हे कळतं. फोटो आधी, शांत चेहऱ्याचे आणि हसतानाचे, दोन्ही. खुणा बसलेल्या स्थितीत, कारण झोपल्यावर तुमची घडी जागा सोडते. भूल देणारी क्रीम 30 ते 45 मिनिटं. बहुतेक फिलरमध्ये लिडोकेनही मिसळलेलं असतं. त्वचा जंतुनाशकाने दोनदा पुसून घ्यायची. क्लोरहेक्सिडिन वापरलं तर डोळ्यापासून लांब, ते बुबुळाला अपाय करतं. घडीसाठी बोथट टोकाचा कॅन्युला, म्हणजे पोकळ नळी, 25 गेज किंवा त्याहून जाड (गेजचा आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक). बारीक कॅन्युला सुरक्षित वाटतो, पण 27 गेजचा कॅन्युला सुईसारखाच रक्तवाहिनीत शिरू शकतो. ओठाच्या कोपऱ्याच्या थोडं बाहेरून आत शिरायचं, वर नाकापर्यंत न्यायचं आणि मागे घेत घेत थोडं थोडं सोडायचं. नाकपुडीच्या पायाशी सुईने, थेट हाडावर टेकून, सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना हे काही सेकंद पाहून, मग अगदी सावकाश. घाईघाईने दाबून पाच मिनिटांत दोन्ही बाजू उरकणारा हात कितीही सराईत असला तरी या जागी तो धोक्याचाच.

एवढी काळजी कशासाठी? चेहऱ्याची मुख्य धमनी या घडीच्या आसपासूनच वर जाते. खालच्या भागात ती खोल असते, नाकपुडीजवळ येता येता वरच्या थरात येते आणि पुढे नाकाच्या बाजूने जाऊन डोळ्याकडच्या रक्तवाहिन्यांना मिळते. म्हणून घडीच्या खालच्या भागात फिलर वरच्या थरात आणि वरच्या टोकाला हाडालगत, असा उलटा नियम पाळतात. धमनीचा मार्ग माणसागणिक बदलतो, कधी एकाच चेहऱ्याच्या दोन बाजूंनाही. फिलर धमनीत गेला तर त्या भागाचं रक्त तुटतं. उलट्या दिशेने ढकलला जाऊन डोळ्याच्या धमनीत पोचला तर दृष्टी जाते. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, फिलरमुळे दृष्टी गेलेल्या 98 रुग्णांच्या आढाव्यात सुमारे 13 टक्के प्रकार याच घडीत टोचल्यामुळे झाले होते. दोन भुवयांमधली जागा आणि नाक यांच्यानंतर हिचाच नंबर. लाखो इंजेक्शनांच्या तुलनेत हे फार विरळ आहे, पण ब्युटी पार्लरच्या खुर्चीत हे काम का नको, याला एवढं कारण पुरेसं आहे.

रक्त अडलं आहे हे ओळखायचं कसं? टोचताना किंवा लगेच नंतर त्वचा खडूसारखी पांढरी पडते. काही तासांत जाळीदार जांभळे-निळे पट्टे उमटतात. सावळ्या त्वचेत पांढरेपणा चटकन कळत नाही, म्हणून नखाने दाबून सोडायचं: रंग परत यायला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर शंका घ्यायची. वेदना वाढत जाते, पण भूल असल्यामुळे सुरुवातीला ती दबलेलीही असते, तेव्हा दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाकाच्या बाजूला किंवा ओठावर पिवळसर पुटकुळ्यांचा पुंजका येतो. तो मुरुमांसारखा दिसतो आणि घात होतो तो इथेच: ‘इन्फेक्शन झालंय, अँटिबायोटिक घ्या’ असं फोनवर सांगितलं जातं आणि मोलाचे दिवस जातात. नेहमीचा काळानिळा डाग एकाच जागी असतो, कडेने पिवळा होत जातो, दाबल्यावर थोडा दुखतो. जाळीदार पट्टे नाकाच्या टोकापर्यंत किंवा ओठापर्यंत पसरत असतील तर रात्री दोन वाजताही डॉक्टरला उठवायचं.

इलाज म्हणजे हायल्युरोनिडेज, भरपूर मात्रेत: बाधित भागाला 500 युनिट किंवा जास्त, त्वचेचा रंग परत येईपर्यंत दर तासाला पुन्हा. सोबत मालिश आणि ॲस्पिरिन, डॉक्टरच्या देखरेखीखाली. शेक गरम हवा, बर्फ नव्हे, बर्फाने वाहिन्या आणखी आकसतात. हायल्युरोनिडेज आपल्याकडे 1500 युनिटच्या कुपीत मिळतं. ज्या दवाखान्यात निदान तीन-चार कुप्या फ्रिजमध्ये तयार नाहीत, तिथे फिलर घेऊ नये. हे बेधडक विचारा, चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. मधमाशी किंवा गांधीलमाशीच्या दंशाने पूर्वी अंगभर गांधी उठून श्वास अडला असेल तर तेही आधी सांगा, त्या विषात हेच एन्झाइम असतं. आणि टोचताना किंवा नंतर एका डोळ्यापुढे अंधारी आली, डोळा दुखला, दोन-दोन दिसू लागलं तर थांबायचंच नाही, नेत्ररुग्णालय गाठायचं. डोळ्याच्या पडद्याला रक्ताशिवाय हातात असतो तो वेळ दीड तासाच्या आतला.

काही जणांना फिलर मुळातच नको: गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, तोंडाजवळ नागीण किंवा पिकलेले मुरूम असताना, आटोक्यात नसलेला स्वप्रतिकार आजार (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो), किंवा पूर्वी कोणता पदार्थ टोचला हेच माहीत नसलेला चेहरा. मधुमेह असला तरी चालतं, पण साखर ताब्यात हवी. रक्त पातळ करणारी गोळी हृदयासाठी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका, काळानिळा डाग पत्करलेला परवडतो. माशाच्या तेलाच्या, लसणाच्या, ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल मात्र आठवडाभर आधी थांबवाव्यात. दातांची सफाई किंवा रूट कॅनॉल बाकी असेल तर आधी तेच उरका: दातांचं काम आणि फिलर यांत दोन्हीकडून दोन आठवडे ठेवायचे. तोंडातले जंतू रक्तात उतरून ताज्या फिलरवर बसले की पुढे गाठ येऊ शकते आणि ती चिवट असते.

त्वचेत कोरलेली रेघ असेल तर हे सगळं करूनही ती उरते. तिथे पृष्ठभागावर काम लागतं. रोज सकाळी सनस्क्रीन, एसपीएफ 30 किंवा जास्त, दोन बोटांवर मावेल एवढं. रात्री ट्रेटिनॉइन (अ जीवनसत्त्वापासून केलेलं क्रीम) 0.025 टक्के, वाटाण्याएवढं, सुरुवातीला आठवड्यातून तीनदा. फरक तीन ते सहा महिन्यांत. एक खुबी इथे सांगायलाच हवी: क्रीम वाहून या घडीत आणि नाकपुडीच्या कोपऱ्यात साठतं, तिथली त्वचा भाजते, लाल होते आणि आपल्या रंगावर त्याचा काळा पट्टा राहतो. मग घडी होती त्याहून खोल दिसते, कारण आता ती रंगानेही उठून दिसते. म्हणून आधी कोपऱ्यांत आणि घडीत व्हॅसलीनचा पातळ हात, मग क्रीम. घडीत मुळातच लालसर, खपली धरणारी खाज असेल तर तो सेबोरिक डर्मटायटिस (कोंड्याच्या जातीचा त्वचेचा दाह) असू शकतो. आधी त्याचा उपचार, मग बाकीचं.

लेसर आणि मायक्रोनीडलिंग रेडिओफ्रिक्वेन्सी (बारीक सुयांतून त्वचेत उष्णता सोडणं) यांची जागाही एवढीच: बारीक रेघा, पोत, किंचित घट्टपणा. खोल घडी त्याने भरत नाही. आपल्या त्वचेत फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेसरनंतर काळे डाग राहण्याची शक्यता गोऱ्या त्वचेपेक्षा बरीच जास्त, त्यामुळे तीव्रता कमी ठेवावी लागते आणि उन्हाळा टाळावा लागतो. इन्सुलेटेड सुयांची रेडिओफ्रिक्वेन्सी वरचा थर वाचवते, म्हणून सावळ्या रंगाला ती अधिक सोयीची: तीन-चार बैठका, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने. पीआरपीने (स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेटयुक्त भाग टोचून) तकतकी येते, घडी नाही जात. चेहऱ्याचे व्यायाम करून घडी जाईल अशी आशा धरू नका. तीच त्वचा त्याच जागी दिवसातून शंभरदा दुमडणं हा व्यायाम कसला?

शस्त्रक्रियेचा विचार कधी? गाल खाली येऊन हनुवटीच्या रेषेवर पिशव्या लोंबत असतील, मानेची त्वचा सैल असेल, आणि दर वर्षी तीन-चार सिरिंज घालूनही चेहरा फक्त जाड दिसत असेल तेव्हा. स्नायूच्या आवरणाखालून गाल सोडवून वर बसवणारा फेसलिफ्ट हा त्यावर टिकाऊ इलाज. तीन ते पाच तासांचं काम, लोकांत जाण्याजोगं व्हायला दोन-तीन आठवडे, कानाभोवती व्रण. केलॉइडची प्रवृत्ती असेल तर तो व्रण वाढतो. रक्तदाब ताब्यात नसेल तर आत रक्त साठण्याचा धोका वाढतो. आणि हे आधी ऐकून ठेवा: फेसलिफ्टनेही ही घडी पूर्ण जात नाही, म्हणून सोबत पोट-मांडीची चरबी काढून गालात घालतात. त्या चरबीतली कितपत टिकेल हे माणसागणिक बदलतं, बरीचशी पहिल्या काही महिन्यांत विरघळते. 48 व्या वर्षी, नुसत्या रिकाम्या गालासाठी, हे अजून लवकर आहे.

पैशाचं: मोठ्या शहरांत नावाजलेल्या कंपनीच्या 1 मिली हायल्युरोनिक फिलरला साधारण 15 ते 35 हजार रुपये पडतात, जीएसटी वेगळा, आणि आरोग्य विमा यातलं काही देत नाही. फारच स्वस्त मिळालं तर तीन शक्यता: चोरून आणलेला माल, मुदत संपत आलेला माल, किंवा एका सिरिंजमधून दोघांना. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि परवाना क्रमांक छापलेला असतो. सील तुमच्यासमोर फोडायला सांगा. आत लॉट क्रमांकाचे चिकटपट्टीवजा लेबल असतात, त्यातलं एक तुमच्या फाइलला, एक तुम्हाला. अर्धी उरलेली सिरिंज ‘टचअपसाठी जपून ठेवतो’ म्हणाले तर नको म्हणा, उघडलेली सिरिंज एकदाच वापरायची असते. टोचणारा हात त्वचारोगतज्ज्ञाचा किंवा प्लास्टिक सर्जनचा असावा आणि त्याची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येते. भिंतीवरचं ‘कॉस्मेटॉलॉजी’चं सर्टिफिकेट म्हणजे नोंदणी नव्हे.

आता तुमचं वेळापत्रक. या आठवड्यात सनस्क्रीन सुरू करा. ट्रेटिनॉइन लग्नानंतर, आत्ता सुरू केलं तर पहिला महिना चेहरा सोलण्यातच जाईल. दातांचं काही असेल तर पहिल्या पंधरा दिवसांत संपवा. पाचव्या आठवड्यात गाल आणि नाकपुडीचा पाया. सूज आठवडाभर, काळानिळा डाग दहा दिवसांपर्यंत. पहिले दोन दिवस जिम, मद्य, कडक ऊन नको, दोन-तीन रात्री उताणं झोपायचं, दुखलं तर पॅरासिटामॉल, चोळायचं नाही. दोन आठवड्यांनी, म्हणजे सूज उतरून जेलने पाणी धरून झाल्यावर, पुन्हा फोटो आणि गरज असेल तेवढीच घडी. त्यानंतर लग्नापर्यंत साडेतीन-चार आठवडे हातात राहतात. काही वाकडंतिकडं दिसलंच तर विरघळवून सावरायला तेवढे पुरतात. त्या शेवटच्या महिन्यात ‘थोडंसं आणखी’ कितीही वाटलं तरी नको. पार्लरचं फेशियल आणि जोराची मालिश दुसऱ्या बैठकीनंतर दोन आठवडे बंद. सुईची छिद्रं तोवर कधीच बुजलेली असतात, त्यामुळे हळदीच्या दिवशी गालाला हळद खुशाल लावून घ्या, फक्त ती उतरवताना गाल रगडू नका.